सासूबाईंची चौदा दिवसांची सुट्टी

तीन महिने मी एका प्लास्टिकच्या हाताची नखं रंगवली. दुकानात त्या हाताला आम्ही ‘गरीब वहिनी’ म्हणायचो, कारण तिला कितीही कापा, घासा, रंगवा, ती बिचारी ब्र काढायची नाही. सरावासाठी मी तिला घरीही आणायची. एकदा ती चमच्यांच्या खणात राहिली आणि सकाळी चहासाठी चमचा काढायला गेलेल्या माझ्या नवऱ्यानं अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचे लोक खाली धावत आले. तेव्हापासून वहिनींची रवानगी कपाटावरच्या खोक्यात झाली.

माझं वय अडतीस. त्याआधी पंधरा वर्षं मी चष्म्याच्या दुकानात काचा पुसल्या आणि गिऱ्हाइकांसमोर आरसा धरला. ते दुकान बंद पडलं. मला बारीकसारीक, निगुतीनं करायची कामं आवडतात, म्हणून नखांचं काम शिकायचं मनात घेतलं. दोन पार्लरनी सांगितलं, आम्हाला वीस-बावीसची मुलगी हवी आहे. त्यातली एक मला ‘काकू’ म्हणाली, स्वतः फार तर पाच वर्षांनी लहान असेल! तिचा राग अजून गेलेला नाही. तिसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी वय विचारलंच नाही. माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, “थरथरत नाहीत. उद्यापासून या.”

शिकाऊ बाईला स्वतःची खुर्ची द्यायची तर मॅडमची एकच परीक्षा होती. एक खरंखुरं, हाडामासाचं माणूस आणायचं. त्याची दहा नखं रंगवायची. तो दिव्याखाली वाळवायचा पक्का रंग असतो ना, तोच. मग त्या माणसानं घरी जायचं आणि चौदा दिवसांनी परत यायचं. दहाच्या दहा नखांवर रंग जागेवर पाहिजे. गिऱ्हाइकानं कुठं आपटून, खरवडून एखाद्याचा घालवला असेल तर ते नख मोजायचं नाही. पण आपल्या कामात खोट निघाली तर पुन्हा तीन महिने टॉवेल धुवायचे आणि गरीब वहिनींशी संसार करायचा. मला आणखी तीन महिने परवडणार नव्हते. शिवाय खुर्ची मिळणार म्हणून मी साऱ्या इमारतीत आधीच सांगून बसले होते.

मैत्रीण तयार होती. पण परीक्षेच्या दोन दिवस आधी तिचं बोट गाडीच्या दारात सापडलं. तिचं वाईट वाटलं, पण आधी स्वतःचं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणाला, “माझी घे की.” तो स्वतःची नखं स्वतःच खातो, त्यामुळे रंगवण्याइतकं काही शिल्लकच नसतं. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“माझी चालतील का गं?”

सासूबाई खिडकीपाशी बसून जॅमच्या रिकाम्या बरणीवरचं लेबल नखानं खरवडत होत्या.

आता सासूबाईंच्या नखांविषयी सांगायला हवं. तीस वर्षं त्यांनी पार्सल ऑफिसात काम केलं. सुतळीच्या गाठी सोडायच्या, चुकीची लेबलं काढायची, खोक्यांच्या चिकटपट्ट्या उपसायच्या. तिथं कात्र्या होत्या, पण सासूबाईंना कात्री शोधण्यात वेळ घालवणं म्हणजे गुन्हा वाटायचा. निवृत्त झाल्या, तरी नखं काही निवृत्त झाली नाहीत. घरात कशावरही स्टिकर राहू शकत नाही. सफरचंद, साबणाचं खोकं, नवा पंखा, काही असो. एकदा बँकेचं नवं कार्ड आलं, त्यावरचं ‘हे काढू नये’ लिहिलेलंही त्यांनी काढलं होतं. अशा बाईच्या नखांवर माझी खुर्ची ठेवायची म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यासारखं होतं.

शिवाय माझ्या या कामाविषयी त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं. “दुसऱ्याची नखं रंगवायची, ही कसली नोकरी?” असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी लक्षात ठेवलं होतं. मी सगळं लक्षात ठेवते.

“आई, चौदा दिवस नखानं काही खरवडायचं नाही,” मी म्हटलं.

“एवढंच ना!” त्या म्हणाल्या आणि बरणीवरचा शेवटचा कपटा उडवला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दुकानात माझ्यासमोर बसल्या. मॅडम पलीकडच्या टेबलावरून बघत होत्या. रंग निवडताना मी फिकट गुलाबी पुढं केला, तर त्या म्हणाल्या, “रंगवायचंच आहे तर दिसू दे ना,” आणि त्यांनी जांभळा उचलला.

मी नखं घासून सारखी केली, मुळाशी आलेली कातडी हळूच मागं सारली, सगळं तेल पुसून काढलं. मॅडमचा एक मंत्र मी पाठ केला होता: रंग कातडीला लागता कामा नये. नखाच्या मुळाशी केसाएवढी फट ठेवायची. कातडीवर गेलेला रंग तिथूनच सुटायला लागतो, आज नाही तर आठ दिवसांनी, आणि मग अख्खा पापुद्रा निघून येतो. डाव्या हाताची पाच झाली. उजव्याचा अंगठा झाला, पुढची तीन झाली. माझी फट अशी जमत होती की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं.

उरलं दहावं, उजव्या हाताची करंगळी. मी ती दोन बोटांत धरली, ब्रश टेकवला, आणि इतका वेळ गप्प बसलेल्या सासूबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “माझा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता गं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. सोळा वर्षं आम्ही एका घरात राहतोय. भांडलो, एकमेकींच्या आजारपणात जागलो, एकाच पातेल्यातलं जेवलो. पण हात धरलेला मला आठवेना. मला गलबलून आलं. ब्रश होता तिथंच राहिला, आणि रंगाचा थेंब मुळाकडं ओघळून कातडीवर गेला.

“आई, हलू नका,” मी म्हटलं. त्या हलल्या नव्हत्या. मी काडीनं घाईघाईत पुसलं, पुसलं गेलं असं स्वतःला सांगितलं आणि हात दिव्याखाली सरकवला.

घरी आल्यावर मी सासूबाईंच्या हातात रबरी मोजे चढवले. त्या दिवसापासून घरातली एक काडी त्यांना इकडची तिकडे करू दिली नाही. भाज्या मी सोलायची, झाकणं नवरा उघडायचा, पिशव्यांच्या गाठी आम्ही दोघं मिळून सोडायचो. पहिले दोन दिवस सासूबाई खूश होत्या. खुर्चीत बसून हुकूम सोडायच्या, “अगं, पेपरचं पान उलट,” “अरे, माझा चष्मा पुस.” नवरा म्हणाला, “आपल्या घरात राणी राहायला आलीय.” राणीनं त्याला लगेच पंखा पुसायला लावला.

चौथ्या दिवसापासून राणी चिडचिडी झाली. साखरेची नवी बरणी आणली होती, तिच्यावरचं लेबल मी सुरीनं काढायला गेले. अर्धं निघालं, अर्धं तसंच राहिलं.

“असं अर्धवट काढतात का कुणी?” त्या कळवळून म्हणाल्या. “कोपऱ्यातून धरायचं, एका दमात!”

“राहू दे आई, साखर काही वाचत नाही.”

सातव्या दिवशी त्यांच्यापुढं सफरचंद ठेवलं. वर इवलासा स्टिकर होता. त्या पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसल्या आणि न खाताच उठून गेल्या. मला दया आली, पण खुर्ची डोळ्यांसमोर दिसत होती. मी स्वतः स्टिकर काढून ते सफरचंद खाल्लं.

नवव्या दिवसानंतर मात्र सासूबाई शहाण्यासारख्या वागायला लागल्या. तक्रार बंद. उजवा हात कायम स्वेटरच्या खिशात. जेवायच्या तेही डाव्या हातानं, चमच्यानं. मी मनात म्हटलं, बघा, शेवटी कळलं यांना. त्याच दिवसांत नवरा घरभर चप्पल चिकटवायची ट्यूब शोधत फिरत होता. “इथंच ठेवली होती,” म्हणत होता. सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या वस्तू कधी जागेवर असतात?” मीही त्याला दोन शब्द सुनावले.

चौदावा दिवस उजाडला. निघताना मी चहा केला, साखरेची बरणी उघडली, अर्धं लेबल तसंच माझ्याकडे बघत होतं. मला घास जात नव्हता. सासूबाईंनी मात्र दोन पाव खाल्ले.

मॅडमनी टेबलावरचा भिंगाचा दिवा ओढून घेतला. आधी डावा हात. प्रत्येक नखाच्या मुळाशी रंग संपून कोऱ्या नखाची एक पट्टी दिसत होती. दोन आठवड्यांत नख जेवढं वाढतं, तेवढीच. मॅडम काडीनं कडा दाबून बघत होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. उजवा हात. सहा, सात, आठ, नऊ. माझा श्वास मोकळा व्हायला लागला.

मग त्या थांबल्या.

“मावशी,” मॅडम म्हणाल्या, “तुमची बाकीची नऊ नखं वाढली. ही करंगळी का नाही वाढली?”

मी वाकून बघितलं. करंगळीवर कोरी पट्टी नव्हतीच. जांभळा रंग थेट मुळापर्यंत बसलेला होता, तोही जरा तिरका. मॅडमनी काडीनं टकटक केली, कडेनं हलकेच उचललं, आणि पापुद्रा अख्खाच्या अख्खा निघून आला. खाली वाळलेला गोंद चमकत होता. आमच्या चपलांची ट्यूब कुठं गेली, हे मला त्या क्षणी कळलं.

“माझी चूक आहे,” सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. “नवव्या दिवशी मला राहवलं नाही. साखरेच्या बरणीवरचं लेबल खरवडलं, तेव्हा निघालं. मग चिकटवलं. पोरीचा काही दोष नाही. तिचं काम अगदी चोख होतं.”

मॅडमनी तो पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला. “म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातून गेलं,” त्या म्हणाल्या. “मग हे मोजायचं नाही. नऊपैकी नऊ. असंच ना?”

हे विचारताना त्या सासूबाईंकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर खुर्ची माझी होती. खिडकीजवळची, करड्या गादीची. पण सकाळी बघितलेली ती बरणी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. अर्धं लेबल अजून तसंच होतं. सासूबाईंनी नख लावलं असतं तर त्या लेबलाचा मागमूस उरला नसता! ही बाई तीस वर्षांत लेबल अर्धवट सोडून उठलेली नाही. माझ्यासाठी ती सरळ सरळ खोटं बोलत होती, तेही परक्या बाईसमोर, आणि स्वतःच्या नखांची बदनामी करून. मी पापुद्रा भिंगाखाली धरला. मुळाच्या बाजूची कड जाड होती. थेंब ओघळला होता तिथंच.

“नाही, मॅडम,” मी म्हटलं. “लेबल अजून बरणीवर आहे. मी आजच बघितलं.”

“गप्प बस गं!” सासूबाई म्हणाल्या.

“रंग कातडीवर गेला होता, माझ्याच हातून. मला तेव्हाच दिसलं होतं. मी पुसलं आणि झालं असं धरून चालले. वर आईंनाच म्हटलं, हलू नका. त्या हलल्या नव्हत्या.”

बोलताना माझा आवाज कापत होता. हात मात्र स्थिर होते, हे माझ्या लक्षात आलं आणि त्याचं मला उगाच बरं वाटलं.

सासूबाई उसळल्या. “खरं बोलायची हौस आलीय हिला! अहो मॅडम, चादर ओढताना निघालं ते, खरं सांगते आता. नुसती चादर! पण बाकीची नऊ बघा की. या पोरीनं चौदा दिवस काय जपलंय मला! ताट उचलू दिलं नाही, गाठ सोडू दिली नाही. दिवसभर रबरी मोजे! अंघोळीलासुद्धा वर पिशवी बांधायची!”

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

“मोजे?” मॅडम म्हणाल्या.

“चौदा दिवस!” सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

मॅडम आधी तोंड दाबून हसल्या, मग मोठ्यानं हसल्या, मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. “अगं बाई, मग ही नऊ टिकली यात तुझं काय? कपाटात ठेवलेला कप फुटत नाही, त्यात कपाचं काय कौतुक? मला काम तपासायचं होतं. तू हाताला सुट्टीवर पाठवलंस.”

मी कोपऱ्यातल्या टॉवेलांच्या टोपलीकडे बघितलं. ओळखीची टोपली होती.

मॅडम उठून आत गेल्या आणि एक खोकं घेऊन आल्या. त्यात रंगाच्या चाळीसेक बाटल्या होत्या. प्रत्येकीवर जुन्या किमतीचा स्टिकर, उन्हात वाळून काचेला घट्ट बसलेला. दुकानातल्या मुलींनी त्यापुढं कधीच हात टेकले होते.

“मावशी,” मॅडम म्हणाल्या, “एवढे काढाल का? मोजे नकोत.”

सासूबाईंचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते मला सांगता येणार नाही. आमच्या लग्नात त्या एवढ्या आनंदात नव्हत्या, एवढं नक्की. बाह्या वर सारून त्यांनी पहिली बाटली उचलली, कोपरा शोधला, नख घातलं आणि ओढलं. करर्र असा आवाज आला. दुसरी. तिसरी. मधेच एक चिवट निघाली, तेव्हा त्या तिला म्हणाल्या, “चौदा दिवस वाट बघितलीय मी, तू कोण लागून गेलीस!” मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते आणि प्रत्येक करर्रला डोळे मिटत होते. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपली नखं विसरून बघत बसली.

तासाभरात खोकं झालं. बाटल्या धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या.

“आणखी आहेत का?” सासूबाईंनी विचारलं.

मॅडमनी दिवा ओढला. दोन नखांवरची चमक खरचटली होती, अंगठ्याचं टोक जरा झिजलं होतं. पण एकही कड सुटलेली नव्हती. काडी कुठंच आत शिरेना. मॅडमनी प्रत्येक नख दोनदा बघितलं.

“नऊ,” त्या शेवटी म्हणाल्या.

“हो. आणि दहा हवी होती,” मी म्हटलं आणि टोपलीकडे निघाले.

“टॉवेल राहू देत. दहावं रंगव. आत्ता, माझ्यासमोर.” मग म्हणाल्या, “पहिलं का गेलं ते तुला कळलंय. कळलेली चूक बाई पुन्हा करत नाही. आणि ओघळलं तर पुसत बसायचं नाही, सगळं काढून पहिल्यापासून करायचं. कितीही गिऱ्हाइकं थांबलेली असू देत.”

मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. गादी वाटली होती त्यापेक्षा कडक होती. गोंद काढला, नख घासलं, पुसलं. सासूबाईंची करंगळी दोन बोटांत धरली आणि ब्रश उचलला.

“आता बोलू का?” सासूबाईंनी विचारलं.

“बोला. आता नाही थांबायचा हात.”

त्या म्हणाल्या, “दुसऱ्याची नखं रंगवायची, ही कसली नोकरी, असं म्हणाले होते मी. चुकलंच माझं.”

माझे डोळे भरून आले. समोरचं सगळं पाण्यात गेल्यासारखं झालं, पण ब्रश सरळ गेला आणि केसाएवढी फट केसाएवढीच राहिली. हे मी आजही कुणालाही भिंगाखाली दाखवायला तयार आहे.

घरी आल्यावर सासूबाईंनी पायातल्या चपलाही न काढता साखरेची बरणी उचलली. लेबल एका दमात निघालं. मग नवऱ्याला त्याची ट्यूब परत मिळाली, अर्धी संपलेली. आता पार्सल ऑफिसच्या जागी सासूबाईंना नवं काम आहे. मॅडमच्या दुकानातल्या प्रत्येक शिकाऊ मुलीची परीक्षा त्यांच्याच हातांवर होते, कारण रंगाची एवढी कसोटी घेणारे हात दुसरीकडे मिळायचे नाहीत. मोज्यांचं नाव काढलं तर त्या खवळतात. मुली त्यांना जाम घाबरतात. त्या प्रत्येकीला ऐकवतात, “माझ्या सुनेची नऊ टिकली होती, चाळीस बाटल्या काढून.” मी म्हणते, “आई, दहा.” त्या म्हणतात, “नऊ. दहावं तू नंतर केलंस.” त्यांच्यापुढं कोण बोलणार?

पण शिकाऊ मुलींनाही नऊच नखं मिळतात. उजव्या हाताची करंगळी सासूबाई कुणाला देत नाहीत. दर चौदा दिवसांनी दुकानात येतात, खिडकीजवळ माझ्यासमोर बसतात आणि ती माझ्या हातात देतात.